वेलींमधली वहिवाट

ऑस्ट्रियातल्या मेल्कपासून क्रेम्सपर्यंत डॅन्यूब नदी सुमारे 35 किलोमीटर एका अरुंद खोऱ्यातून वाहते. या खोऱ्याचं नाव वाखाऊ. दोन्ही काठांना डोंगर, उतारांवर दगडी तालींच्या पायऱ्या, पायऱ्यांवर द्राक्षवेली, खाली सपाटीला जर्दाळूची झाडं आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक गाव. जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंत नदीकाठाने जो सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा सायकलमार्ग जातो, त्यातला हा सर्वांत लाडका टप्पा. डोंगरमाथ्याने खोऱ्याला वळसा घालणारी 180 किलोमीटरची पायवाटही आहे, 14 टप्प्यांत विभागलेली. लोक इथे चार-सहा दिवसांची सुट्टी काढून येतात, सकाळी निघतात, दुपारी वेलींच्या सावलीला थांबतात, संध्याकाळी पुढच्या गावात मुक्काम करतात. या सुट्टीचं वर्णन करणारा बहुतेक मजकूर वाइनच्या पेल्यापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की पेला हा या गोष्टीचा शेवट आहे. तिची सुरुवात वाटेपासून होते, आणि ती वाट पाहुण्यासाठी कुणी बांधलेली नाही. ती कामाची वाट आहे. जिथे काम टिकलं तिथेच ती टिकली, आणि जिथे काम थांबलं तिथे पर्यटकांची गर्दी असूनही ती कोसळली.

काठावरच्या रस्त्याला तिथे ट्रेप्पेलवेग म्हणतात. हा शब्द सायकलीच्या कितीतरी आधीचा. डॅन्यूबमधून प्रवाहाबरोबर खाली जाणं सोपं होतं, पण प्रवाहाविरुद्ध वर यायचं तर लाकडी होड्यांना दोरखंड बांधून घोड्यांनी ते ओढायचे. घोडे चालायला काठाने सलग, मोकळी पट्टी लागे. ती पट्टी म्हणजे ट्रेप्पेलवेग. तिचं वेलींशी नातं थेट आहे. मध्ययुगात वाखाऊतल्या पुष्कळ बागा वरच्या अंगाला असलेल्या बव्हेरियातल्या मठांच्या मालकीच्या होत्या. निडरआल्टाइख, टेगर्नझे अशा मठांची वाखाऊच्या गावांत स्वतःची आवारं होती. तिथे द्राक्षं जमा व्हायची, गाळली जायची आणि पिंपं नदीवाटे बव्हेरियाकडे निघायची, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, घोड्यांच्या जोरावर. आज ज्या पट्टीवरून सायकल जाते त्या पट्टीने शतकानुशतकं वाइन वर चढवली आहे. 1830च्या दशकात वाफेच्या बोटी धावू लागल्या आणि हळूहळू घोडे गेले. वाट मात्र उरली, कारण नदीचा काठ दुरुस्त ठेवणाऱ्यांना आणि जलमार्गावर देखरेख करणाऱ्यांना ती लागत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलमार्गाची कल्पना आली तेव्हा अनेक ठिकाणी नवा रस्ता काढावाच लागला नाही. जमीन संपादन नाही, डोंगर फोडणं नाही. होती ती वाट सारखी केली आणि फलक लावले. (या खोऱ्यात रेल्वे आली तीही नदीकाठानेच, 1909 साली. त्या मार्गाचं काम चाललेलं असताना 1908 मध्ये विलेनडॉर्फजवळ चुनखडीतली ती इवलीशी आदिम स्त्रीमूर्ती सापडली, जी आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. या काठाने माणसाची ये-जा किती जुनी आहे याची ती खूण.)

नदीकाठ सोडून वर चढलं की दुसऱ्या प्रकारच्या वाटा लागतात, आणि त्या समजायच्या तर आधी ताल समजून घ्यायला हवी. वाखाऊच्या उतारांवरच्या भिंतींत चुना-सिमेंट नसतं. डोंगरातलाच दगड निवडून, घासून, एकात एक बसवून त्या रचलेल्या आहेत. आपल्याकडे कोकणात गडगा रचतात, देशावर ताल घालतात, तीच विद्या. कोरड्या रचाईचा मोठा फायदा असा की भिंत पाणी अडवून धरत नाही. माती थांबते, पाणी फटींतून झिरपून जातं. सिमेंटने बांधलेली भिंत पावसाच्या दाबाने फुगते आणि एकदम फुटते. कोरडी भिंत वाकते, एखाद्या ठिकाणी ढासळते आणि तेवढीच पुन्हा रचता येते. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब परत देतो, म्हणून थंड हवामानातही द्राक्ष पिकतं. त्या उन्हात भिंतींवर हिरवे सरडे येऊन बसतात. इथले उत्पादक 1983 मध्ये एकत्र आले आणि पुढे त्यांनी आपल्या वाइनच्या तीन प्रती ठरवल्या, तेव्हा सर्वांत पक्व द्राक्षाच्या प्रतीला याच सरड्याचं नाव दिलं: स्माराग्ड. पण ही भिंत दरवर्षी लक्ष मागते. हिवाळ्यात पाणी गोठून दगड सरकतात, वसंतात पोट सुटलेली जागा दिसते आणि ती त्याच वर्षी रचली नाही तर पुढच्या पावसात चार हात भिंत जाते. या भिंतींपर्यंत ट्रॅक्टर पोचत नाही. छाटणी, बांधणी, पानं काढणं, तोडणी, सारं पायांनी चढून आणि हातांनी. म्हणून भिंतींमध्येच दगडी पायऱ्या ठेवलेल्या असतात आणि भिंतीच्या पायथ्याने माणूस जाईल एवढी पट्टी सोडलेली असते. पाहुण्याला जी रम्य पायवाट वाटते ती मजुराच्या पाठीवरच्या टोपल्याच्या मापाने आखलेली आहे. यंत्राने हे काम शक्य झालं असतं तर तिथे रस्ता झाला असता, आणि चालायला कुणी आलं नसतं.

मग प्रश्न येतो की इतकं कष्टाचं काम आजही कुणी का करतं. सपाटीवरच्या बागेपेक्षा इथे हेक्टरी कितीतरी जास्त तास लागतात. निव्वळ बाजारभावाचा विचार केला तर हे उतार केव्हाच पडीक व्हायला हवे होते. ते झाले नाहीत यामागे एक जुना कायदा आहे, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. 1784 साली सम्राट दुसऱ्या योसेफने फर्मान काढलं की कुणीही आपल्या शेतात पिकवलेलं अन्न, स्वतः केलेली वाइन आणि फळांचा रस वर्षभर, स्वतःच्या दारात, स्वतः ठरवलेल्या भावाने विकू शकेल. त्यातून हॉयरिगर ही संस्था वाढली. शेतकरी आपल्या अंगणात, तळघराच्या दाराशी बाकं टाकतो, आपलीच वाइन देतो, सोबत पाव, चीज, थंड मांस, भाज्यांचं काही. दाराबाहेर काठीला हिरवी डहाळी किंवा गवताचं कडं टांगलं की समजायचं, आज उघडं आहे. वर्षभर सगळे उघडे नसतात. गावात पाळ्या ठरलेल्या असतात, या पंधरवड्यात हे घर, पुढच्यात ते, आणि वेळापत्रक छापून मिळतं. छोट्या बागाइतदाराला यातून काय मिळतं ते पाहा. घाऊक व्यापारी मधून जातो, दुकानदाराचा वाटा वाचतो, पेल्याची पूर्ण किंमत हातात येते. तालीची मजुरी भागते ती बहुतेक या फरकातून. आणि ज्याला दारात गिऱ्हाईक हवं आहे तो आपल्या बागेतून जाणारी वाट बंद करत नाही. चालणाऱ्याला मोकळी वाट हवी असते आणि शेतकऱ्याला त्याच वाटेने गिऱ्हाईक हवं असतं. हे दोन स्वार्थ अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या फर्मानाने एका अंगणात आणून बसवले. त्या वेळी पर्यटनाचा विचार कुणाच्या मनातही नव्हता.

या खोऱ्याने एका मोठ्या मोहालाही नकार दिला आहे. डॅन्यूबवर ऑस्ट्रियाने दुसऱ्या महायुद्धानंतर एकापाठोपाठ एक जलविद्युत केंद्रं बांधली, आणि 1970च्या दशकात वाखाऊतही बंधारा घालायचा बेत पुढे आला. स्थानिक रहिवासी संघटित होऊन उभे राहिले आणि अखेर तो बेत सोडून द्यावा लागला. ऑस्ट्रियात डॅन्यूबचे मुक्त वाहणारे दोनच मोठे टप्पे उरले आहेत, एक वाखाऊ आणि दुसरा व्हिएन्नाच्या पूर्वेचा. दुसराही लोकांनी अडून बसूनच वाचवला: डिसेंबर 1984 मध्ये हाइनबुर्गच्या पूरवनात हजारो माणसं थंडीत ठाण मांडून बसली, आणि 1996 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. वाखाऊत बंधारा झाला असता तर पाणी चढून काठाच्या वाटेचं आणि सखल शेतांचं काय झालं असतं हे उघड आहे. एक बारीक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. श्पिट्झ आणि वाइसनकिर्शेन या गावांना पलीकडच्या काठाशी जोडणाऱ्या तरी, म्हणजे नदी ओलांडायच्या होड्या, इंजिनावर चालत नाहीत. नदीवर आडवा तारदोर ताणलेला आहे, तर त्याला बांधलेली असते, नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी धरतो आणि नदीच तिला ढकलून पलीकडे नेते. सायकली लावून उभे असलेले लोक अशा तऱ्हेने काठ बदलतात. साठलेल्या पाण्यावर ही तर जागची हलली नसती. वीज हवी होती, देशाची गरज खरी होती, हे कुणी नाकारलं नाही. त्या खोऱ्यातल्या लोकांचा हिशेब एवढाच होता की वीज दुसरीकडेही करता येते. 2000 साली युनेस्कोने वाखाऊला जागतिक वारसा म्हटलं, पण ते या झगड्याच्या पुष्कळ नंतर. वारसा म्हणून घोषित करण्यासारखं काही उरलं ते आधीच्या नकारामुळे.

आता उलट बाजू. कुणी म्हणेल, हे सारं जुन्या कामाचं कौतुक झालं, पण आज या बागा जगतात त्या पर्यटनाच्या पैशावर. तेव्हा पाहुणाच खरा पोशिंदा, काम हे आता देखाव्यापुरतं. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर वाखाऊत शोधण्यापेक्षा इटलीच्या चिंक्वे तेर्रेमध्ये शोधावं. लिगुरियाच्या कड्यांवर समुद्राच्या डोक्यावर लटकलेली ही पाच गावं: मोंतेरोस्सो, व्हेर्नाझा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाजोरे. तिथेही कोरड्या रचाईच्या भिंती, तिथेही वेली, तिथेही पायऱ्या आणि पायवाटा. 1997 मध्ये जागतिक वारसा, 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान. पर्यटकांची संख्या वाखाऊला लाजवील अशी. पैशाने वाट राखली जात असती तर जगातल्या सर्वांत सुस्थितीतल्या वाटा इथे असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, जवळच्या ला स्पेत्सियाच्या आरमारी गोदीत पगाराची नोकरी मिळू लागली, आणि पिढ्यान् पिढ्या माणसं उतार सोडून गेली. एकेकाळच्या बागांचा फार थोडा हिस्सा आज लागवडीखाली आहे, बाकीच्या पायऱ्यांवर झुडपं माजली. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला आणि चिखल-दगडांचा लोंढा व्हेर्नाझा व मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांतून समुद्राकडे गेला. माणसं दगावली. पाऊस असाधारण होता हे खरंच. पण नंतरच्या भूशास्त्रीय पाहणीत दिसलं की सोडून दिलेल्या पायऱ्यांवर घसरणीचं प्रमाण मोठं होतं. ज्या भिंतीचा दगड वेळेवर बसवला गेला नाही ती भिंत माती धरून ठेवणं सोडते आणि स्वतःच दरड होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2012 मध्ये, रिओमाजोरे ते मानारोला या जगप्रसिद्ध प्रेमवाटेवर दगड कोसळून पर्यटक जखमी झाले. जेमतेम एक किलोमीटरची ती वाट पुन्हा पूर्णपणे खुली व्हायला 2024 उजाडलं.

या दोन प्रदेशांत पाहुणे दोन्हीकडे आहेत, पैसा दोन्हीकडे आहे. फरक आहे तो पैसा कुठे उतरतो यात. चिंक्वे तेर्रेतला बहुतेक पाहुणा रेल्वेने येतो, गावात खातो, खोलीचं भाडं देतो. तो पैसा खालच्या गल्लीत राहतो आणि वरच्या भिंतीपर्यंत चढत नाही. उद्यानाने वाटेसाठी शुल्क लावलं, त्यातून डागडुजी होते, आणि ते योग्यच आहे. पण पगारी माणसाने ठेकेदारीवर रचलेली भिंत आणि वेलीच्या मालकाने रोज येता-जाता बघितलेली भिंत यांत अंतर पडतं. ढासळायच्या आधी पोट सुटलेलं दिसतं ते रोज बघणाऱ्यालाच. वाखाऊत पाहुण्याचा पेला त्या बघणाऱ्याच्या अंगणात भरला जातो. म्हणून पाहुणा पोशिंदा आहे हे मी मान्य करतो, मात्र त्याचा पैसा तालीपर्यंत पोचवणारी वाट शाबूत असेल तरच. क्रेम्सच्या द्राक्षशेती विद्यालयात आज कोरडी भिंत रचण्याचं शिक्षण दिलं जातं. 2018 मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली, तेव्हा यादीत इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंडसह आठ देश होते. 2024 मध्ये ऑस्ट्रियाही त्यात आला.

वाखाऊतही सगळं आलबेल आहे असं म्हणणं खोटं ठरेल. ड्युर्नश्टाइन हे हजाराहून कमी वस्तीचं गाव. इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192च्या हिवाळ्यात तिथल्या किल्ल्यात कैद होता, एवढ्या एका गोष्टीसाठी नदीतल्या पर्यटक बोटी आणि बसगाड्या तिथे रिकाम्या होतात आणि दोन तासांत पुन्हा भरतात. हे पाहुणे तालीला काही देत नाहीत. सायकलवाला आणि पायी चालणारा यांचीही गत एक नाही, हे सुट्टीच्या जाहिराती सांगत नाहीत. ऑस्ट्रियाच्या 1975च्या वन कायद्याने कुणालाही विरंगुळ्यासाठी जंगलात पायी फिरायचा हक्क दिला. सायकलला तो दिला नाही, तिच्यासाठी मालकाची परवानगी लागते. म्हणून डोंगरमाथ्याची वाट चालणाऱ्यांची आणि नदीकाठची सायकलवाल्यांची अशी विभागणी पडली आहे, आणि उतारावरच्या बागेतल्या अरुंद पट्ट्यांवर सायकल घुसली की मजुराला बाजूला व्हावं लागतं. विजेच्या सायकली आल्यापासून चढ अडसर राहिलेला नाही, त्यामुळे हा ताण वाढेल असं वाटतं. शेतकऱ्याची वाट ही आधी शेतकऱ्याची आहे, हे तत्त्व जिथे पाळलं जातं तिथेच पाहुण्याचं स्वागत टिकतं.

दारूचा आक्षेपही टाळू नये. द्राक्षप्रदेशातली भटकंती म्हणजे पिण्याचं सभ्य निमित्त, असं मानणारे वाचक मराठीत पुष्कळ आहेत, आणि त्यांची शंका पोकळ नाही. ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या मद्याची मर्यादा आहे, दर हजारी 0.8, मोटार चालवणाऱ्याला ती 0.5. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या सुट्टीत रोज पाच-सहा तास चालायचं किंवा पेडल मारायचं असतं तिथे पेला दिवसाच्या कष्टाच्या मागे उभा राहतो. मोटारीने एका दिवसात पाच तळघरं करण्याच्या सहलीत तो पुढे असतो. शिवाय अंगणातल्या बाकावर ताज्या द्राक्षाचा आणि जर्दाळूचा रसही मिळतो, आणि कुटुंबं मुलाबाळांसह येतात. जे पीत नाहीत त्यांनाही या खोऱ्यात चार दिवस चालण्यासारखं पुष्कळ आहे, कारण बघायचं आहे ते शेतीचं काम.

आणि यामुळेच नाशिकचा विचार केल्यावाचून हा विषय माझ्याने सोडवत नाही. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क आखलं, दिंडोरी आणि गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनऱ्या उभ्या राहिल्या. पर्यटक येतात, मोठ्या संख्येने येतात, आणि जवळजवळ सगळे मोटारीने येतात: महामार्ग, फाटक, चाखण्याचं दालन, छायाचित्र, परत. दोन वाइनऱ्यांच्या मधल्या शिवारातून कुणी जात नाही. यावर सांगितलं जाईल की नाशिकची तुलनाच चुकीची. इथली द्राक्षं मुख्यतः खायची, वेली मांडवावर, वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी, डोंगरी पायऱ्या नाहीत, ऊन कडक. भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी हंगामात ब्लोअरने फवारण्या चालू असतात, अशा बागेतून परक्या माणसाला फिरवणं धोक्याचं. यातला फवारणीचा मुद्दा निखालस खरा आहे आणि त्याला नियमाशिवाय उपाय नाही: फवारणीचे दिवस आणि वाट बंद असल्याची खूण बागेच्या तोंडाशीच हवी. उन्हाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सायकलसाठी युरोपच्या उन्हाळ्याहून कमी नाहीत, आणि घड भरण्याचा हंगामही तोच.

राहिला वाटांचा प्रश्न, आणि त्या नाशिकला नाहीत असं कुणी म्हणू नये. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावे-उजवे पाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले. पाटाच्या कडेने देखरेखीसाठी सलग रस्ता असतो, डॅन्यूबच्या ट्रेप्पेलवेगसारखाच: पाण्याच्या कामासाठी ठेवलेला, सपाट, गाड्यांच्या वर्दळीपासून दूर. बंधाऱ्याचं पाणथळ हे महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ आहे, हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांनी भरलेलं. त्याच तालुक्यात द्राक्षबागा, त्याच तालुक्यात विंचूर. आणि पाटापासून बागेपर्यंत जायला गावोगावच्या पाणंदी आहेत. त्या कायद्यानेही मान्य आहेत. बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 143खाली तहसीलदार देतो आणि वहिवाटीत केलेला अडथळा 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दूर करता येतो. तरीही एका बाजूने नांगर सरकत येतो, दुसऱ्या बाजूने तारेचं कुंपण, आणि बैलगाडीची पाणंद पावसाळ्यात माणसालाही पार करता येत नाही. शेतरस्त्यांच्या तंट्यांची प्रकरणं तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षं चालतात. ज्या शेतकऱ्याची द्राक्षाची क्रेट पाणंदीतल्या चिखलात अडकते त्याला सायकलवरच्या पाहुण्याचं काय सुख सांगणार? त्या चिखलावर पडलेला मुरूम पहिल्यांदा त्याच्या क्रेटसाठी असायला हवा. 2020 साली राज्याच्या पर्यटन खात्याने कृषी पर्यटनाचं धोरण केलं. त्यात शेतकऱ्याच्या अंगणाचा विचार आहे. अंगणापर्यंतच्या वाटेचा विचार महसूल खात्याकडे आहे, पाटाच्या कडेचा जलसंपदा खात्याकडे, आणि पेल्याचा उत्पादन शुल्क खात्याकडे. निफाडच्या एखाद्या गावात पाट, पाणंद आणि बाग एका नकाशावर आणायची तर आज या चार दारांत उभं राहावं लागतं, आणि तो नकाशा काढायला सुरुवात करण्याची जागा म्हणून मला गावचा तलाठी आणि त्याच्याकडचा गावनकाशाच दिसतो, ज्यावर त्या पाणंदी अजून तुटक रेघांनी दाखवलेल्या आहेत.